रोडग्यावरचा केस

मांजरसुंब्याच्या घाटावर धनगरांची आठ-दहा घरांची वस्ती होती आणि त्या वस्तीत दगडाबाईच्या नजरेला सगळे वचकून असत. तिची नजर लागायची म्हणून नव्हे, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही म्हणून. लोकरीच्या ढिगात शेळीचा एक केस असला तरी ती चार हातांवरून बोट दाखवायची. मेंढीची लोकर मऊ आणि कुरळी, शेळीचा केस राठ आणि सरळ, बाईमाणसाचा केस लांब आणि टोकाशी वळलेला. पन्नास वर्षं लोकर कातायची चाती फिरवून मिळवलेली ही विद्या, तिला कोण आव्हान देणार? घोंगड्या विणणारे सनगर तिच्या हातचं सूत न पारखता घेत आणि दगडाबाई त्या एका गोष्टीवर वर्षभर ताठ मानेनं चालत असे.

यातली गोम एवढीच, की दोन वर्षांपासून तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. उजवा डोळा दोघांचं काम करत होता. म्हातारी माणसं दात पडले की गावभर सांगतात, नजर जाऊ लागली की मात्र गप्प बसतात, आणि धनगराच्या घरात तर जास्तच. मेंढरं चाऱ्यामागं हलली की बिऱ्हाड हलतं. ज्याला वाट दिसत नाही त्याचं काय करायचं, हा प्रश्न मग कुणीतरी चुलीपाशी हळू आवाजात काढतोच.

हैदराबादेत मुशी नदीला पूर येऊन हजारो माणसं वाहून गेली, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. दिवाळी सरली होती. एका सकाळी दगडाबाईनं दुधाचं पातेलं पुढं ओढलं तर दुधावर केस.

"साखरे, हे काय?"

साखरा म्हणजे तिची सून साखराबाई, चौसाळ्याच्या म्हाळूची लेक. आसारामाशी लग्न होऊन तीन वर्षं झालेली. ती लगबगीनं आली आणि पातेल्यावर वाकली. "कुठं हाय, आत्याबाई?"

"तुझ्या डोळ्यापुढं तर हाय. दिसंना व्हय?" दगडाबाईनं बोट बुडवलं. केस बोटाखालून सटकला. पुन्हा बुडवलं, पुन्हा सटकला. शेवटी वैतागून तिनं ते दूध कुत्र्यापुढं ओतलं आणि सुनेला दिवसभर पुरेल एवढं सुनावलं.

आठ दिवसांनी तोच केस भाकरीवर आला. जोंधळ्याची पांढरीफेक भाकरी आणि तिच्यावर काळा, लांब, टोकाशी वळलेला केस. आसारामानं भाकरी दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली. "मला तर काय दिसंना, आये."

"तुला रं काय दिसायचं? बोराटीत अडकलेलं मेंढरू दिसत न्हाई तुला!"

आसारामानं ती भाकरी मुकाट्यानं खाल्ली. पोरगा भला होता. भला म्हणजे कसा, तर आईपुढं तोंड न उघडणारा. अशा भलेपणानं किती घरं बुडाली त्याची मोजदाद कुणी ठेवत नाही. साखरानं त्या दिवसानंतर डोक्याला फडकं गच्च बांधायला सुरुवात केली आणि वरून कपाळापर्यंत पदर. सुनेला अक्कल आली म्हणून दगडाबाईला बरं वाटलं.

मग आली चंपाषष्ठी. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. साखरानं पहाटे अंघोळ करून, तोंड न उघडता, शिंकसुद्धा दाबून स्वयंपाक केला. ताट देवापुढं ठेवायला दगडाबाई वाकली आणि थबकली. रोडग्यावर केस होता.

यानंतर ती काय बोलली ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. बाई बाईला जे बोलते ते पुरुषांना कळत नाही आणि बायकांना सांगावं लागत नाही. देवाचं ताट बाटलं, घरावर खंडोबाचा कोप होणार, मेंढरांना रोग लागणार. तेवढ्यात वस्तीतली एक मेंढी खरोखरच मेली. मेंढ्या मरतातच, पण त्या दिवशी मेली ती साखराच्या नावावर मेली. आसाराम खाली मान घालून उभा होता. त्यानं दुसऱ्या दिवशी बायकोला चौसाळ्याला नेऊन सोडलं. पौष वद्य अष्टमीला तिथंच जातीचे पंच बसतील आणि काडी मोडली जाईल असं ठरलं. पंचांसमोर नवऱ्यानं कडब्याची काडी मोडली की नातं मोडलं. पौषात लग्नं होत नाहीत, मोडायला मात्र कोणताही महिना चालतो.

आसाराम मेंढरं घेऊन गोदाकाठच्या चाऱ्याला निघून गेला. ठरल्या दिवशी तिकडूनच परस्पर चौसाळ्याला येणार होता. घरात दगडाबाई एकटी राहिली आणि आता तिला स्वतःच भाकरी थापावी लागली. पहिलीच भाकरी तव्यातून काढली, तर तिच्यावर केस.

"गेली तरी केस ठिवून गेली," ती तव्याला म्हणाली. पिठात राहिला असणार. तिनं पीठ चाळलं. दुसऱ्या दिवशी नवं दळण दळलं. तिसऱ्या दिवशी भाकरीवर तोच केस, तसाच वळलेला. तेव्हा मात्र ती विचारात पडली. तिचे स्वतःचे केस कापसासारखे पांढरे. घरात दुसरं कुणी नाही. मग हा काळा केस कुणाचा?

ती बाहेर आली. घाटावर थंडीतलं निरभ्र आभाळ होतं. तिनं वर पाहिलं तर केस आभाळात होता. डोळा डावीकडं नेला, केस डावीकडं गेला. थांबवला, तर केस हळूच खाली उतरला. तिनं उजव्या डोळ्यावर हात ठेवला. केस नाहीसा झाला आणि उरलं डाव्या डोळ्याचं नुसतं धुकं.

दगडाबाई तिथंच ओट्यावर बसली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. इथं तर स्वतःच्याच डोळ्यातला केस तिनं सुनेच्या पदरात घातला होता. तिला रडू आलं नाही. तिला फक्त भयंकर थकल्यासारखं वाटलं, पन्नास वर्षांची चाती एकदम जड झाल्यासारखं.

तेव्हाच उठून चौसाळ्याला गेली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण माणूस लगेच उठत नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ. खोटं बोललं असतं तर कबूल करणं सोपं होतं. तिला तर खरंच दिसलं होतं, आणि तिचं दिसणं खोटं निघालं हे चार लोकांत सांगायचं म्हणजे मग दगडाबाईत उरलं काय?

पुढं चार दिवसांनी उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकू लागली. आभाळात ढगाचा तुकडा नाही आणि मान वळवली की चमक. एका केसाचे चार केस झाले, सोबत काजळीची भुकटी उडाल्यासारखे ठिपके. ती घाबरली. सूत विकायच्या निमित्तानं एका गाडीत बसून बीडला गेली आणि दवाखान्यात बसणाऱ्या यूनानी हकिमापुढं उभी राहिली.

हकीम म्हातारा होता, मेंदी लावलेल्या दाढीचा. त्यानं तिची पापणी वर करून उजेडात पाहिलं, सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाला, "अम्मा, बाल रोटी में नइं, तुम्हारी आँख में है."

मग त्यानं तिला कळेल अशा मोडक्या मराठीत समजावलं. डोळ्याच्या आत काचेसारखा नितळ, घट्ट रस असतो. उमर झाली की तो पातळ होतो, आकसतो, त्याच्या गुठळ्या आणि तंतू आत तरंगू लागतात. त्यांची सावली माणसाला दिसते. कुणाला केस, कुणाला माश्या, कुणाला जाळं. बहुतेकांचं तेवढ्यावरच भागतं, सवय होऊन जाते. पण वीज चमकते म्हणजे तो आकसणारा रस डोळ्याच्या मागच्या पडद्याला ओढतो आहे. पडदा फाटला, सुटला, तर डोळ्यापुढं काळं येईल.

"मंग दवा?"

हकिमानं मान हलवली. "दवा नको पूछो, अम्मा. उताणं पडून राहायचं. चालायचं नइं, वजन उचलायचं नइं. काळं आलं तर बिलकूल नइं. शायद राहील, शायद नइं."

दगडाबाई घरी येऊन उताणी पडली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. पडून राहायला आता हकिमाचं कारण मिळालं होतं. वस्तीतली मुक्ताबाई पाणी आणून द्यायची, भाकरी द्यायची, आणि दगडाबाई छपराकडं बघत दिवस मोजायची. पौष वद्य पंचमी, षष्ठी, सप्तमी. मुक्ताबाईला सांगून निरोप धाडता आला असता. पण सासूचा निरोप पंच कशाला मानतील, असं तिनं स्वतःला समजावलं. आपणच आपल्याला समजावायला लागलो की फार वेळ लागत नाही.

अष्टमीला उजाडताना तिनं डोळा उघडला तेव्हा खालून, नाकाच्या बाजूनं, काळ्या लुगड्याचा काठ वर आला होता. तिनं डोळा चोळला. काठ तिथंच राहिला.

आता प्रश्न अगदी सरळ होता. पडून राहावं तर डोळा कदाचित वाचेल. चौसाळ्याला जावं तर सहा कोस पायी जायचं, आणि डोळा जाणार हे जवळजवळ ठरलेलं. गाडी मिळण्यासारखी नव्हती. हकिमाचे शब्द तिनं दोनदा आठवले. मग तिला साखरा आठवली, शिंक दाबून रोडगे थापणारी. पोरीवर देवाचं ताट बाटवल्याचा आळ होता. अशा बाईला दुसरा नवरा मिळत नाही, आणि बापाच्या घरात मिळते ती भाकरी कोरडी असते. दगडाबाईनं काठी घेतली.

"कुठं निघालीस गं? तुला पडून राहाय सांगितलंय ना?" मुक्ताबाई ओरडली.

"लई पडले," दगडाबाई म्हणाली.

सरकारी सडकेनं ती चालत राहिली. पायाखालचं दिसेना, कारण काळं खालून येत होतं. दिसायचं ते वरचं, झाडांचे शेंडे आणि आभाळ. ती दोनदा दगडाला ठेचकाळली. एकदा चाकोरीत पाय जाऊन पडली, आणि पडताक्षणी डोळ्यात वीज कडाडली. उठून बसली तर काठ आणखी वर सरकला होता. थकवा गुडघ्यात नव्हता, त्याहून खोल कुठंतरी होता. असं वाटत होतं, की आपण जन्मभर हीच वाट चालतो आहोत आणि चौसाळा रोज एक कोस पुढं सरकतो आहे. वाटेत एका विहिरीवर पाणी प्यायली. पाणी ओंजळीत दिसलं नाही, नुसतं गार लागलं.

ती पोचली तेव्हा दिवस कलला होता. म्हाळूच्या वाघरापुढं, मेंढरं कोंडायच्या जाळ्यापुढं, लिंबाखाली पंच बसले होते. सटवा कारभारी मधे होता, जातीचा म्होरक्या. त्याचा पांढरा पटका तेवढा तिला दिसला.

"दगडाबाई? तुमी कावून आलात? काडी तर आत्ता मोडायचीच व्हती."

"मोडू नका. त्यो केस पोरीचा नव्हता. माझ्या डोळ्यात व्हता."

कुणीतरी हसलं. आसारामाचा आवाज आला, "आये, काय बोलतीस? तूच तर म्हनलीस..."

"म्या म्हनलं. मला दिसलं म्हनून म्हनलं. पर ते खरं नव्हतं."

म्हाळू उठून उभा राहिला. "आन हे आता कळलं व्हय तुमाला? दीड महिना माझी लेक तोंड लपवून बसलीय, इहीणबाई!"

"कळून महिना झाला," दगडाबाई म्हणाली. "यायला धीर झाला न्हाई."

कारभाऱ्याला पटलं नाही. त्याला वाटलं, सुनेवाचून घर चालेना म्हणून म्हातारी शब्द फिरवते आहे. त्यानं म्हाळूच्या घरातून दुधाची वाटी मागवली आणि तिच्यापुढं धरली. तिनं मान खाली घालून, वाकडी करून पाहिलं.

"हाय की. वळलेला हाय."

वाटी पाचही पंचांत फिरली. दूध नितळ होतं.

"आता तुमच्या पटक्यावर आला," ती म्हणाली. "आता वर आभाळात गेला. मी बघीन तिकडं येतोय त्यो. आन आता खालून काळं बी आलंय. कारभारी, तुमचं तोंड दिसंना मला."

आता कुणी हसलं नाही. पंचांमधला सगळ्यात म्हातारा त्रिंबक हळूच म्हणाला, "मला माश्या दिसत्यात. मी आपला दोन वर्सं सुनेला बोलतोय, गोठा झाडत न्हाईस म्हनून." आणि त्यानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

सटवानं घसा खाकरला. "मंग काडी मोडायचं कारनच ऱ्हायलं न्हाई. म्हाळू, लेकीला बोलीव. आजच सासरी धाडू."

दगडाबाईला तेव्हा जे वाटलं ते सुखच होतं. डोळा गेला तर गेला, पण सौदा वाया गेला नव्हता. बांगड्यांचा आवाज झाला आणि साखरा येऊन उभी राहिल्याचं तिला कळलं.

"मी जानार न्हाई," साखरा म्हणाली.

"कावून?" कारभारी चकित झाला. "सासू सहा कोस चालत आलीय तुझ्यासाठी."

साखरा दगडाबाईपुढं बसली, तिचा हात हातात घेतला आणि पुरुषांना दिसू नये असा पदराखालून आपल्या डोक्यावर ठेवला.

दगडाबाईच्या बोटांना केस लागले नाहीत. लागली ती कापलेली वाढ, दीड बोटाची. सवाष्ण बाईच्या डोक्यावर! पन्नास वर्षं जिनं कातरलेल्या मेंढरांची वाढ बोटांनी जोखली, तिला ते वाचायला दिवा लागत नव्हता. दीड बोट वाढ म्हणजे दोन महिन्यांच्या वरची. म्हणजे भाकरीवरच्या केसानंतरची आणि चंपाषष्ठीच्या आधीची. रोडग्यावर केस दिसला तेव्हा या पोरीच्या डोक्यावर पडायला केस नव्हताच.

"सांगितलं कावून न्हाईस?" तिनं कुजबुजून विचारलं.

"सवाष्णीनं केस कापले म्हनून त्याच दिवशी हाकललं असतं तुमी. आन तुमच्या नजरेला खोटं कोन म्हननार व्हतं, आत्याबाई? मलाच वाटाय लागलं, माझ्यातच काय तरी हाय."

दगडाबाईची बोटं पुढं सरकली. कपाळावरची, कानामागची वाढ वेडीवाकडी होती. आरशावाचून, घाईनं, स्वतःच्या हातानं कातरलेली. पण मागं मानेवर ती सपाट होती, एका मापाची, कातर कुठंही न अडखळता खालून वर गेलेली. अशी कातर चालवणारा हात तिच्या ओळखीचा होता. तो तिनं आपल्या हातात धरून शिकवला होता.

तिनं पदराखालून हात काढला.

"आसाराम," ती म्हणाली, "मागचे केस तू कापलेस?"

आसाराम बोलला नाही.

"चंपाषष्ठीला तू तिथंच व्हतास. मी तिला बोलत व्हते तवा तुला ठावं व्हतं."

"आये, तू चिडली व्हतीस," तो म्हणाला. "तुझ्यापुढं कसं बोलावं?"

काठ आता मधोमध आला होता आणि समोरची पोर तिला दिसत नव्हती. आपल्याला खरं दिसलं नाही म्हणून आपण बोललो. त्याला दिसत होतं, आणि तो बोलला नाही. दोघांत जास्त आंधळं कोण, हे पंचांना विचारायची गरज नव्हती.

"कारभारी," ती म्हणाली, "ती काडी तिच्या हातात द्या."

"बाईनं काडी मोडायची रीत न्हाई."

"मंग मी मोडायला लावते म्हना. पर ताट तिनं बाटवलं न्हाई हे आधी पाच जनांत बोला. मंग मोडा."

सटवानं ते मोठ्यानं म्हटलं, दोनदा म्हटलं. मग कडब्याची काडी साखरानं घेतली आणि मोडली. वाळलेल्या काडीचा आवाज तो केवढा, पण तो दगडाबाईला नीट ऐकू आला.

साखरानं तिला पाणी आणून दिलं. आज इथंच पडून राहा, आत्याबाई, असंही म्हणाली. दगडाबाईनं मान हलवली. ज्या घरात आता आपलं काही नाही, तिथं किती पडून राहणार?

"चल आये," आसाराम म्हणाला.

त्यानं तिचा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला. तो काढून टाकावा असं तिला वाटलं, फार वाटलं. पण काढला तर सडक कुठून सुरू होते हेही तिला कळणार नव्हतं. ती तशीच त्याच्या मागून चालू लागली. तो मधूनमधून सांगत होता, इथं दगड हाय, इथं चढ हाय, इथं चाकोरी हाय. आता तो सगळं सांगत होता.